प्राणिसंग्रहालयातली काच नेमकी कोणासाठी असते? गोरिला-चिंपांझींच्या घरांमागचं हे डिझाईन समजून घ्या!

अमेरिकेत टाकोमा नावाचं एक शहर आहे. तिथल्या एका शॉपिंग सेंटरमध्ये 'आयव्हन' नावाचा गोरिला तब्बल २७ वर्षं सिमेंटच्या पिंजऱ्यात राहिला. खरेदीला आलेले लोक थांबून त्याला बघायचे, मुलं काचेला नाक लावून उभी राहायची. पण आयव्हनला काय दिसायचं? येणारी-जाणारी माणसं आणि चार भिंती. या सगळ्या काळात त्याला ना दुसरा गोरिला दिसला, ना पायाखाली गवत लागलं. लोकांनी आवाज उठवल्यावर १९९४ मध्ये त्याची रवानगी अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात झाली आणि तिथे तो पुन्हा मोकळ्या आकाशाखाली आला. २०१२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर पुस्तक आलं, सिनेमाही आला.

आयव्हनच्या पिंजऱ्यात प्रकाश नव्हता किंवा माणसांची सोबत नव्हती, अशातला भाग नाही. अडचण अशी होती की तिथली प्रत्येक गोष्ट बाहेरून बघणाऱ्याच्या सोयीची होती. आतून बाहेर बघणाऱ्याचा विचारच कुणी केला नव्हता. आज जगभरातले डिझाईनर गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांच्यासाठी घरं बांधताना नेमका हाच प्रश्न आधी विचारतात : आत बसलेल्याला काय दिसणार?

चला, हा सगळा प्रकार नीट समजून घेऊया.

मुळात यांना घरात ठेवायचंच कशाला?

वर दिलेल्या चार प्राण्यांसाठी मराठीत 'कपी' असा शब्द आहे. माकड आणि कपी यांतला सोपा फरक म्हणजे शेपूट. कपींना ती नसते. हे प्राणी मूळचे आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या उष्ण जंगलांतले. पण त्यांना पाळणारी बरीचशी मोठी प्राणिसंग्रहालयं युरोप आणि उत्तर अमेरिकेत आहेत, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. मग काय करणार? वर्षातले कित्येक महिने त्यांना गरम केलेल्या इमारतीतच काढावे लागतात.

नेदरलँड्समधल्या आर्न्हेम शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयात १९७१ पासून चिंपांझींचा मोठा कळप राहतो. फ्रान्स द वाल या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या काळात हा कळप नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आतच असायचा. वसंतात पहिल्यांदा दार उघडलं की चिंपांझी आनंदाने ओरडत बाहेर धावायचे आणि एकमेकांना मिठ्या मारायचे!

आतल्या कमी जागेत भांडणं वाढतील असं सगळ्यांना वाटत होतं. हिवाळ्यात ती वाढलीही, पण भीती होती तेवढी नाही. त्याच वेळी एकमेकांचे केस साफ करणं मात्र बरंच वाढलं. म्हणजे गर्दीतला ताण चिंपांझी समजुतीने सांभाळून घेत होते. पण ताण सांभाळावा लागतो, याचा अर्थ तो असतोच. घर बांधणाऱ्याचं काम तो ताण कमी करण्याचं आहे.

टाइल्स आणि सळयांचा जमाना

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राणिसंग्रहालयांसमोर मोठा प्रश्न होता तो कपी जगवण्याचा. माणसाचे आजार त्यांना पटकन होतात. क्षय, फ्लू, साधी सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे धुवायला सोप्या अशा टाइल्सच्या खोल्या, उताराची फरशी, सळया आणि समोर मोठी काच, असं जवळपास हॉस्पिटलसारखं डिझाईन रूढ झालं. स्वच्छता आली, पण खोली रिकामी झाली. चढायला काही नाही, लपायला काही नाही आणि बघायला फक्त गर्दी.

काही प्रयोग वेगळेही झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३३ च्या सुमारास बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्याच्या 'टेक्टन' या गटाने गोरिलांसाठी एक गोल इमारत बांधली. निम्मा भाग काँक्रीटचा आणि बंदिस्त, तर निम्मा जाळीचा आणि उघडा. हिवाळ्यात सरकत्या भिंतींनी उघडा भाग झाकून घ्यायचा, उन्हाळ्यात पुन्हा मोकळा करायचा! त्या काळासाठी ही भन्नाट कल्पना होती. ही इमारत आज संरक्षित वारसा आहे, पण गोरिला आता तिथे राहत नाहीत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आवडणारं घर त्यात राहणाऱ्या प्राण्याला पुरेसं असेलच असं नाही, हा धडा त्यातून मिळाला.

स्वित्झर्लंडचे हाइनी हेडिगर यांनी १९४० च्या दशकात एक मुद्दा ठासून मांडला : प्राण्याला किती जागा दिली यापेक्षा ती जागा कशी आहे, हे महत्त्वाचं. मोठी पण रिकामी खोली ही शेवटी रिकामीच.

खरा बदल १९७० च्या दशकाअखेर दिसला. अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयाने 'जोन्स अँड जोन्स' या संस्थेकडून गोरिलांसाठी झाडाझुडपांचं, उंचसखल असं आवार करून घेतलं. गोरिला खऱ्या झुडपांत बसू लागले, झाडांवर चढू लागले. पुढे जगभर त्याची नक्कल झाली. मात्र बरीच वर्षं ही सगळी हौस बाहेरच्या आवारापुरतीच राहिली. लोकांना न दिसणाऱ्या आतल्या खोल्या बऱ्याच ठिकाणी जुन्याच वळणाच्या होत्या.

नुसतं बघायला मिळणं ही खरंच गरज आहे का?

आता तुम्ही म्हणाल, खायला-प्यायला व्यवस्थित असेल तर खिडकी असली काय आणि नसली काय?

याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट बटलर यांनी ऱ्हीसस माकडांना एका बंद पेटीत ठेवलं. पेटीला वेगवेगळ्या रंगांची दोन छोटी दारं होती. बरोबर रंगाचं दार ढकललं की ते उघडायचं आणि माकडाला ३० सेकंद बाहेर बघायला मिळायचं. बक्षीस म्हणून ना केळं, ना शेंगदाणा. फक्त बाहेरचं दृश्य! तरीही माकडं बरोबर रंग शिकली आणि तासन् तास दार ढकलत राहिली.

पुढच्याच वर्षी बटलर यांनी बाहेरचं दृश्य बदलून पाहिलं. रिकामी खोली दिसत असेल तर माकडं दार कमी वेळा उघडायची. खेळण्यातली चालती रेल्वे किंवा दुसरं माकड दिसत असेल तर कितीतरी जास्त वेळा. म्हणजे बघणं ही स्वतंत्र भूक आहे, आणि दृश्यात हालचाल किंवा सोबत असेल तर ती जास्त भागते.

हा प्रयोग माकडांवरचा होता. पण कपी आपल्या आणखी जवळचे आहेत, आणि आपली गोष्ट काही वेगळी नाही. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधल्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामक औषधंही कमी लागली.

पण काच दोन्ही बाजूंनी काम करते!

इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. ज्या काचेतून प्राणी बाहेर बघतो, त्याच काचेतून हजारो लोक आत बघतात. आणि गोरिलांच्या जगात टक लावून बघणं म्हणजे सरळसरळ आव्हान! डोळ्यांत डोळे घालणं, दात दाखवून हसणं, छाती बडवणं या सगळ्याचा अर्थ गोरिलाच्या भाषेत वेगळा निघतो.

मे २००७ मध्ये रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातला 'बोकिटो' हा नर गोरिला पाण्याचा खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्याने एका महिलेला जबर जखमी केलं. ती महिला त्याला बघायला नेहमी यायची. आपण त्याच्याकडे बघून हसतो आणि तोही हसतो, असं तिला वाटायचं. या प्रकारानंतर एका विमा कंपनीने भेट देणाऱ्यांना कागदी चष्मे वाटले. त्यावर बाजूला बघणारे डोळे छापलेले होते, जेणेकरून आपण त्याच्याकडे टक लावून बघतोय असं गोरिलाला वाटू नये!

याहून साधा उपाय उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या प्राणिसंग्रहालयात करून पाहिला गेला. गोरिलांना बघायच्या काचेवर सैनिक वापरतात तशी झाडापानांच्या रंगाची जाळी लावली. २००४ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष आले. जाळी असताना गोरिलांचं आक्रमक वागणं कमी झालं आणि तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करण्याची सवयही घटली. गंमत म्हणजे लोकांनाही गोरिला जास्त रंजक आणि कमी रागीट वाटले.

त्यामुळे लोकांनी आत बघायची काच वेगळी आणि प्राण्याने बाहेर बघायची खिडकी वेगळी, हे डिझाईनचं पहिलं सूत्र ठरतं. दोन्ही कामं एकाच काचेवर टाकली की प्राण्याला बाहेर बघायचं असेल तर गर्दीसमोर यावं लागतं, आणि गर्दी टाळायची असेल तर पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करावं लागतं. माणसांकडे पाठ करून बसलेला गोरिला आपण 'रुसलाय' म्हणून हसण्यावारी नेतो. खरं तर त्याच्याकडे तेवढा एकच पर्याय उरलेला असतो.

चांगली खिडकी म्हणजे कशी?

१. उंची प्राण्यानुसार हवी. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात २००४ मध्ये आफ्रिकी कपींसाठी नवीन इमारत झाली. प्राणी प्रत्यक्षात कुठे वेळ घालवतात, याच्या तिथे बारकाईने नोंदी ठेवल्या गेल्या. चिंपांझींची पसंती वरच्या मजल्याला, तर गोरिलांची जमिनीलगतच्या भागाला होती. कोपरे आणि दारांजवळच्या जागा दोघांच्याही आवडीच्या निघाल्या. म्हणजे चिंपांझींची खिडकी वर, फळीच्या उंचीवर हवी. गोरिलांची खाली बसल्या जागी दिसेल अशी हवी. जपानमधल्या इनुयामाच्या संशोधन केंद्रात चिंपांझींसाठी १५ मीटर उंच मनोरे उभारले होते, तर चिंपांझी बराच वेळ वरच जाऊन बसायचे.

ओरांगउटान तर झाडावरच आयुष्य काढणारा प्राणी. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये १९९५ पासून ओरांगउटान सुमारे ५० फूट उंचीवरच्या केबलला लटकत, लोकांच्या डोक्यावरून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातात. इथे माणूस वर मान करून बघतो आणि ओरांगउटान खाली बघतो. बघण्याची बाजूच बदलली!

२. दृश्य बदलतं हवं. बटलर यांच्या प्रयोगाचा धडा इथे कामी येतो. समोर कंपाउंडची भिंत असेल तर खिडकी असून नसल्यासारखी. हलणारी झाडं, पाऊस, पक्षी, शेजारचा दुसरा कळप किंवा कीपर जेवण तयार करतो ती खोली, यात बघण्यासारखं काहीतरी घडत असतं.

३. एकच खिडकी नको. कपींच्या कळपात मानपान चालतो. सगळ्यात छान जागा एकच असेल तर ती दांडग्या नराच्या ताब्यात जाते आणि बाकीचे तिकडे फिरकत नाहीत. त्यामुळे तीन-चार ठिकाणी खिडक्या आणि प्रत्येक ठिकाणाहून निसटायला दोन वाटा हव्यात.

४. खिडकीपाशी बसायला कारण हवं. थंड काचेजवळ कोण बसेल? म्हणून काचेलगत गरम करता येणारा कट्टा, गवत, फांद्या ठेवतात. मोठे कपी रोज रात्री झोपायला फांद्या-पानांचं अंथरूण तयार करतात. त्यासाठी उंच फळी आणि तिथून दिसणारी खिडकी असेल तर दुधात साखर.

५. न दिसण्याचीही सोय हवी. लोकांपासून आणि कळपातल्या इतरांपासूनही. मधली अर्धी भिंत, गवताचे भारे, ताडपत्रीचा पडदा, एखादी मोठी पेटी, एवढ्यानेही काम भागतं.

६. शेवटचा निर्णय प्राण्याचा हवा. २००५ मध्ये सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातल्या पांडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत राहायचं की बाहेर, हे पांडांना स्वतः ठरवता आलं तेव्हा त्यांची अस्वस्थता कमी झाली आणि लघवीतलं ताणाचं हार्मोनही घटलं. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग प्राणिसंग्रहालयात २००८ मध्ये चिंपांझींसाठी जी इमारत उघडली, तिच्यात एकमेकांना जोडलेली तीन दालनं आहेत आणि प्रत्येकातलं हवामान व प्रकाश वेगळा आहे. कुठे बसायचं ते चिंपांझी ठरवतात.

काचेमागचं विज्ञान

नर गोरिलाचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. त्यामुळे घरातली साधी काच इथे उपयोगाची नाही. काचेचे अनेक थर मध्ये चिवट पातळ पडदा घालून एकत्र चिकटवतात. एक थर फुटला तरी बाकीचे टिकतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा प्राणिसंग्रहालयात एक गोरिला धावत येऊन काचेवर आदळला आणि काचेला मोठी चीर गेली. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. कुणालाही इजा झाली नाही, ती या थरांमुळेच.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीबाहेर बघा. बाहेरचं काही दिसत नाही, स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. पण बाहेरच्याला मात्र आतलं सगळं दिसतं! हाच नियम वापरून लोकांची बाजू अंधारी आणि प्राण्यांची बाजू उजळ ठेवतात. लोकांना स्पष्ट दिसतं आणि प्राण्याला गर्दी कमी जाणवते. प्राण्याच्या स्वतःच्या खिडकीचं गणित मात्र उलटं. तिथे बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त हवा, नाहीतर खिडकीचा आरसा होतो.

तिसरी गोष्ट 'ड' जीवनसत्त्वाची. ते त्वचेत तयार होण्यासाठी उन्हातले विशिष्ट अतिनील किरण लागतात आणि साधी काच ते अडवते. काचेतून कितीही ऊन आलं तरी हाडांना त्याचा फायदा नाही. म्हणून काही नव्या इमारतींच्या छतासाठी 'ईटीएफई' नावाचा पारदर्शक फुगवता येणारा पडदा वापरतात. तो हे किरण बऱ्यापैकी आत सोडतो. नाहीतर खास दिवे आणि आहारातून 'ड' जीवनसत्त्व, हा मार्ग उरतो. खिडकी कितीही चांगली असली तरी ती बाहेरच्या आवाराला पर्याय ठरत नाही, याचं हे एक ठोस कारण.

आणि चौथी गोष्ट सुरक्षेची. १ जानेवारी २०२० च्या मध्यरात्री जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात नववर्षाच्या जल्लोषात सोडलेले आकाशकंदील प्राणिसंग्रहालयातल्या १९७५ सालच्या कपीगृहाच्या छतावर पडले. आग भराभर पसरली आणि ३० हून अधिक प्राणी गेले. त्यात गोरिला, ओरांगउटान आणि चिंपांझी होते. त्या इमारतीतले दोन चिंपांझी तेवढे वाचले. छताला आग लागली तर ते किती वेळ तग धरेल, धूर कुठून बाहेर जाईल, प्राण्यांना बाहेर पडायला वाट आहे का, हे प्रश्न काचेच्या सौंदर्याआधी सोडवावे लागतात. घरात बंद असलेला प्राणी स्वतः दार उघडू शकत नाही.

भारतात काय परिस्थिती आहे?

हूलॉक गिबन हा भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारा एकमेव कपी. तो ईशान्येच्या जंगलांत राहतो. बाकीचे कपी आपल्याकडे परदेशातून आलेले. पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात 'बिन्नी' नावाची ओरांगउटान मादी होती. २००३ मध्ये तिला ओडिशातल्या नंदनकाननला नेण्यात आलं. २०१९ मध्ये तिचा मृत्यू झाला तेव्हा ती देशातली एकमेव ओरांगउटान होती. म्हणजे तिच्या शेवटच्या काळात तिला स्वतःच्या जातीचं कुणीही दिसणं शक्य नव्हतं. २०२१ मध्ये म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात जर्मनीहून दोन गोरिला आणि मलेशिया-सिंगापूरहून ओरांगउटान आले.

आपल्याकडे बर्फाची अडचण नाही, त्यामुळे दिवस बाहेरच जातो. पण संध्याकाळी प्राणी आतल्या खोलीत जातात ते थेट सकाळी बाहेर येतात. पावसाळ्यात आणि आजारपणात हा मुक्काम आणखी लांबतो. ही खोली लोकांना दिसत नाही आणि म्हणून ती दुर्लक्षित राहण्याचा धोका सगळ्यात जास्त. वरच्या बाजूला एक जाळीची खिडकी, तिथवर पोचणारी फळी आणि पश्चिमेचं ऊन अडवणारं झाड, एवढ्यानेही त्या खोलीचं रूप पालटतं.

पुढच्या वेळी प्राणिसंग्रहालयात गेलात तर...

मुंबईच्या राणीबागेतले पेंग्विन असोत की परदेशातला गोरिला, काचेसमोर उभं राहिल्यावर आधी आतल्या बाजूने विचार करून बघा. त्याला इथून काय दिसतंय? त्याला आपल्यापासून दूर जायला जागा आहे का? वर चढून बसायला फळी आहे का? बाहेरचं झाड, आकाश किंवा दुसरा सोबती दिसेल अशी एखादी खिडकी आहे का?

आणि हो, काचेवर टकटक करू नका. गोरिलासमोर छाती बडवू नका, त्याच्याकडे टक लावून बघू नका. फ्लॅश बंद ठेवा. तो पाठ करून बसला असेल तर बसू द्या. थोडा वेळ शांत उभं राहिलात तर कदाचित तो स्वतःहून वळेल. नाही वळला तर तोही त्याचाच निर्णय आहे, आणि तो घेण्याची सोय असलेलं घर हे चांगलं घर.